पाठमोऱ्या बाई

टोपणनावं ठेवायची ती शिक्षकांना, असा मुलांचा शिरस्ता असतो. दोन वर्षांतून एकदा, तेही एका तासापुरत्या वर्गात येणाऱ्या परक्या बाईंना नाव मिळावं, हा मान सहसा कुणाच्या वाट्याला येत नाही. या बाईंना तो मिळाला होता. शहरातल्या निम्म्या शाळांत त्या ‘पाठमोऱ्या बाई’ म्हणून ठाऊक होत्या. मोठी भावंडं धाकट्यांना सांगून ठेवत, की दहावीत गेलात की एक दिवस पाठमोऱ्या बाई येतील, घाबरायचं नाही, त्या बघत नाहीत.

बाईंचं काम करायला सोपं होतं आणि चारचौघांत समजावून सांगायला महाकठीण. एका संशोधन संस्थेसाठी त्या सर्व्हे करत. पंधरा-सोळा वर्षांची मुलं सिगारेट ओढतात का, दारू पितात का, खोकल्याचं औषध बाटलीच्या बाटली रिचवतात का, व्हाइटनर हुंगतात का, हे त्या मुलांनाच विचारायचं. आणि एकदा विचारून भागत नसे. दर दोन वर्षांनी, त्याच महिन्यात, त्याच वयाच्या नव्या मुलांना, तेच प्रश्न त्याच शब्दांत विचारायचे. नातेवाइकांत कुणी ‘हल्ली काय करता’ म्हणून विचारलं आणि बाईंनी खरं ते सांगितलं, की समोरचा हमखास म्हणे, ‘मग आम्हाला कधी विचारणार?’ मोठ्या दिरांनी तर हा विनोद इतकी वर्षं केला, की शेवटी त्यांनाच त्याचा कंटाळा आला.

तेच प्रश्न, तेच शब्द, हा संस्थेच्या डॉक्टर मॅडमचा हट्ट. एखाद्या नव्या साहेबाला प्रश्नाची भाषा जुनाट वाटे आणि तो ती ‘जरा सुधारायला’ निघे. मॅडम त्याला समोर बसवून शांतपणे विचारत, ‘काल पोराची उंची फूटपट्टीने मोजली आणि आज वितीने, तर पोर वाढलं की मोजणाऱ्याचा हात बदलला, हे तुम्ही कसं सांगणार?’ साहेब चहा पिऊन उठून जाई आणि प्रश्न होता तिथेच राही.

बाई या कामात शिरल्या त्या ठरवून नव्हे. लग्नानंतर घरात बसून जीव उबगला होता, संस्थेला महिन्याभरासाठी माणसं हवी होती, शेजारणीने सांगितलं, या गेल्या. महिन्याचं काम वीस वर्षं चिकटलं. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या कामावर होता. तो म्हणे, आमच्या घरात दोघंही लोकांना नीट दिसावं म्हणूनच राबतो, फक्त माझं गिऱ्हाईक चष्मा घालून आरशात बघतं आणि हिचं गिऱ्हाईक कागद उलटा ठेवतं.

पाठ फिरवायची पद्धत कशी पडली, त्यालाही मोठं शहाणपण लागलं नव्हतं. पहिल्याच वर्षाची गोष्ट. कर्मचाऱ्याने बाकांमधून फिरायचं नाही, एवढं प्रशिक्षणात सांगितलं होतं. त्याप्रमाणे बाई फिरल्या नाहीत. खुर्ची मधोमध ओढून, हाताची घडी घालून, जबाबदार माणसासारख्या वर्गाकडे टक लावून बसल्या. एका शाळेत मागच्या बाकावरच्या उंचेल्या मुलीने पेन खाली ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘तुम्ही बघताय.’

बाई म्हणाल्या, मी कागद बघत नाही. मुलगी म्हणाली, पण आम्हाला बघताय. बाईंच्या नाकावर तेव्हा राग असे. ‘बरं बाई, नाही बघत,’ म्हणून त्या तरातरा उठल्या आणि फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. तास संपेपर्यंत तशाच. शुद्ध तिरमिरीत. पाठीमागे थोडा वेळ कुजबुज झाली, कुणीतरी खुदकन हसलं, मग हळूहळू पेनं चालू लागली.

महिन्याभराने मॅडमनी बोलावून घेतलं. बाईंना वाटलं, वर्गात रागावल्याची तक्रार आली. मॅडमनी विचारलं, या एका वर्गात तुम्ही काय केलंत? बाकीच्या शाळांतली मुलं कागदावर अगदी देवदूत होती, कुणी कशाला हात लावलेला नाही. या वर्गात मात्र माणसं सापडली होती. बाईंनी खाली मान घालून काय झालं ते सांगितलं. मॅडम खूप हसल्या आणि पुढच्या वेळच्या सूचनांत एक ओळ वाढली.

ती ओळ पाळली मात्र एकट्या बाईंनी. त्यांच्या जोडीला सर्व्हेला जाणाऱ्या एक निवृत्त नर्सबाई होत्या, चांगल्या जाडजूड आणि सडेतोड. त्यांचं म्हणणं, भिंतीकडे तोंड करून उभं राहायची शिक्षा मी लहानपणी पुष्कळ भोगली आहे, आता नाही. त्या कोपऱ्यात वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसत, आणि तेवढंही चाले. बाई उभ्या राहत. वर्गात शिरल्या की त्यांचं बोलणं ठरलेलं. नाव लिहायचं नाही. शिक्षक बाहेर जातील. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहीन. सगळ्यांचं झालं की तुमच्यातल्याच एकाने कागद गोळा करायचे, पाकिटात घालायचे, पाकीट चिकटवायचं आणि मला सांगायचं, ‘बाई, वळा.’ तोवर मागे काहीही होवो, मी वळणार नाही.

आता ‘काहीही होवो’ म्हटल्यावर मुलं थोडीच सोडणार. त्यांनी खडूचे तुकडे मारून पाहिले. कुत्र्याचे, मांजराचे, मुख्याध्यापकांचे आवाज काढून पाहिले. एका वर्गात ‘साप, साप’ म्हणून गलका झाला. बाईंनी साडेतीन हात लांब उडी मारायची तेवढी बाकी ठेवली, चपलांतून पाय काढून एका पायावर उभ्या राहिल्या, पण वळल्या नाहीत. ती हकिगत दुसऱ्या दिवशी आणखी चार शाळांत पोचली आणि बाईंचं नाव कायमचं झालं.

वीस वर्षांत बाईंनी शहरातले फळे पाठ केले. अर्धवट पुसलेली गणितं त्या मनातल्या मनात सोडवत. कुठल्या शाळेत भूगोल नुसता लिहून देतात आणि कुठल्या शाळेत शिकवतात, हे त्यांना फळ्यावरून कळे. मुलांचे चेहरे मात्र त्यांनी आधी आणि नंतर तेवढेच पाहिले. ‘वळा’ म्हटल्यावर वळलं, की सगळे चेहरे एकाच साच्यातले दिसत. थोडे ओशाळे, थोडे खट्याळ. कुणी काय लिहिलं हे कळायला मार्ग नसे, आणि कळू नये अशीच सगळी योजना होती.

त्यात एक काटाही होता. एका शाळेत सूचना सांगून झाल्यावर एका मुलाने हात वर करून विचारलं होतं, खरं लिहिलं तर मदत करायला कोणी येतं का? बाईंना नाही म्हणावं लागलं. कुणी लिहिलं तेच कळत नाही, तर येणार कोण? त्यांनी फळ्यावर मदतीचा फोन नंबर लिहिला, सगळ्यांसाठी म्हणून, आणि पुढे प्रत्येक वर्गात लिहीत गेल्या. तरी त्या दिवशी बसमधून घरी येताना त्यांना फार वाईट वाटलं.

मुलं थापाही मारत. त्यासाठी प्रश्नांच्या यादीत मॅडमनी एक नाव घुसडून दिलं होतं, कोरॅबिन. अशी नशा जगाच्या पाठीवर कुणी केलेली नाही, कारण असं औषधच नाही, मॅडमनी ते एका दुपारी बसल्या बसल्या रचलं होतं. तरी दर वेळी काही बहाद्दर निघतच, जे आठवड्यातून तीनदा कोरॅबिन घेत. त्यांचे कागद बाजूला काढून टाकायचे. बाकी काय वाटेल ते लिहिलेलं असो, कोरॅबिनवर खूण दिसली की तो कागद बाद.

मुख्याध्यापक लोक निराळ्याच थापा मारत. आमच्या शाळेत असलं काही नाही हो, असं सांगताना त्यांचा चेहरा इतका निर्मळ असे, की पाहणाऱ्याला वाटावं, यांनी शाळेची मागची बाजू कधी पाहिलीच नसेल. बाई हो हो म्हणत आणि जाता जाता मागच्या बाजूने जात.

हळूहळू कागदांचे आकडे झाले आणि आकड्यांच्या रेघा झाल्या. सिगारेटची रेघ वर्षावर्षाने खाली उतरत गेली. बाईंना तिचा अभिमान वाटे, जणू ती त्यांनीच खाली बसवली. दारूची रेघ रेंगाळली. मग पाच-सहा वर्षांपूर्वी व्हेप आलं, ते लहानसं यंत्र, ज्यात धूर नाही तर गोडसर वाफ असते आणि वाफेत निकोटीन असतं. त्याचा प्रश्न मॅडमनी यादीच्या अगदी शेवटी घातला, आधीचा क्रम मोडू नये म्हणून, आणि सोबत चित्र छापलं. ती रेघ उभीच्या उभी चढली. बाई घरी येऊन नवऱ्याला सांगत, बघ, एकीकडून झाकावं तर दुसरीकडून उघडं पडतं. नवरा म्हणे, आपली पोरगी धड आहे ना, मग झालं.

लेक एकुलती. आईच्या ऑफिसात टेबलाखाली बसून खेळत मोठी झालेली, बोलायला तिखट, आणि यंदा दहावीत.

एका रविवारी बाईंनी तिचं दप्तर धुवायला काढलं. बाजूचे कप्पे उलटे करून झटकले, तर त्यातून हायलायटर पेनासारखं काहीतरी फरशीवर पडलं. बाईंनी ते उचललं. त्याला स्ट्रॉबेरीचा वास येत होता. हे काय आहे असा प्रश्न बाईंना पडायचं कारणच नव्हतं, ज्याचं चित्र त्यांनी शेकडो वर्गांत वाटलं होतं तेच ते होतं. त्या ओल्या दप्तराशेजारी तशाच खाली बसल्या.

आणि मग त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कुठल्याच आईने केलं नसतं. त्या मनातल्या मनात लेकीला रकान्यात बसवू लागल्या. एकदा-दोनदाच? की महिन्यातून? की आठवड्यातून? या वयाच्या मुलींत इतक्यांनी नुसतं करून पाहिलेलं असतं, त्यातल्या बऱ्याच पुढे सोडून देतात, म्हणजे आपली त्या बऱ्याच जणींतली असायला हरकत नाही. असा हिशेब मांडून त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि ती समजूत जेमतेम संध्याकाळपर्यंत टिकली.

संध्याकाळी त्यांनी लेकीला समोर बसवलं. यंत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, माझ्या डोळ्यांत बघून सांग. लेकीने त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, की ते मैत्रिणीचं आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कुठली मैत्रीण, नाव सांग, तिच्या आईला फोन करते. नाव मिळालं नाही. मग बापाने लाडीगोडी लावून पाहिली, तर तिने बापालाच विचारलं, तुम्ही कॉलेजात किती ओढायचात? बाप चष्मा पुसायला लागला. आठवडाभर रोज हाच खेळ चालला आणि लेक ताकास तूर लागू देईना. शेवटी तिने जेवणाचं ताट खोलीत न्यायला सुरुवात केली.

बाईंनी हात टेकले. हात टेकले म्हणजे त्यांना येत होतं तेवढं एकच शस्त्र त्यांनी बाहेर काढलं. ऑफिसातून एक कोरी प्रश्नावली आणली, पाकीट आणलं, दोन्ही लेकीच्या टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, नाव लिहू नकोस. मी बघणार नाही. भरून झाल्यावर पाकिटात घालून चिकटव.

नवऱ्याने हे ऐकलं आणि त्याला हसू आवरेना. ‘अगं, घरात पोर एक. नाव नाही लिहिलं तर ती लपणार कुणाच्या मागे?’

बाई त्याच्यावर इतक्या उखडल्या, की तो जेवण अर्धं टाकून गॅलरीत जाऊन बसला. पण बोलून गेला ते खरंच होतं, आणि ते आपल्या डोक्यात येऊ नये याचा बाईंना जास्त राग आला होता.

सकाळी पाकीट फ्रिजच्या दाराला चिकटपट्टीने लावलेलं होतं. बाईंनी उघडलं. सिगारेट, कधीच नाही. दारू, कधीच नाही. व्हेप, कधीच नाही. सगळं पान स्वच्छ. फक्त एका ठिकाणी, कोरॅबिनपुढे, ‘रोज’च्या चौकोनात लांब शेपटीची खूण केलेली होती.

लेक आठ-नऊ वर्षांची असताना तिने एकदा टेबलाखालून विचारलं होतं, आई, कोरॅबिन काय असतं? आणि बाईंनी तिला कानात सांगितलं होतं, की ते नसतंच. ते खोटं बोलणाऱ्यांना पकडायला असतं. त्यांचे कागद आपण फेकून देतो. लेकीला ते गुपित फार आवडलं होतं, कितीतरी दिवस ती बाहुल्यांना कोरॅबिन पाजत होती.

पहिल्यांदा बाई चिडल्या. ही थट्टा सुचली कशी हिला! मग चहा गाळताना त्यांच्या लक्षात आलं, की ही थट्टा नाही. आठ दिवस पोरीने काहीही सांगितलं असतं तरी त्यांनी ते खोटंच धरलं असतं, हे तिने ओळखलं होतं आणि आपला कागद आपल्याच हाताने बाद करून आईच्या हातात ठेवला होता. बाईंना लाज वाटली. लोकांच्या मुलांना त्यांनी वीस वर्षं कधी डोळ्यांत बघून सांग म्हटलं नव्हतं.

त्याच महिन्यात लेकीच्या शाळेचा सर्व्हे आला. स्वतःचं मूल ज्या शाळेत, तिथे कर्मचाऱ्याने जायचं नाही, असा नियम होता. म्हणून नर्सबाई गेल्या, वर्तमानपत्र घेऊन. दोन दिवसांनी शाळाशाळांची चिकटवलेली पाकिटं ऑफिसात आली. ती फोडायची, कागदांवर क्रमांक घालायचे आणि पुढे आकडे चढवायला द्यायचे, हे काम बाईंचं.

जेवणाच्या सुट्टीत खोलीत त्या एकट्या होत्या. लेकीच्या शाळेचं पाकीट ढिगात तिसरं होतं. तिथे लेक एकटी नव्हती, सगळ्या वर्गाच्या मागे लपायला तिला जागा होती, त्यामुळे तिथे तिने खरं लिहिलं असणार. आणि ती लांब शेपटीची खूण बाईंनी कितीही कागदांतून ओळखली असती. कात्री टेबलावर होती. बघितलं असतं तर कुणाचंच काही बिघडणार नव्हतं. पाकीट फोडणं हे तर त्यांचं कामच होतं. त्यांनी ते ढिगातून बाहेर ओढलं, हातात धरलं, उजेडाकडे केलं. कागद जाड होता, आतलं काही दिसत नव्हतं.

मग त्यांनी ते परत होतं तिथे सारलं. नर्सबाई जेवून आल्यावर बाई त्यांना म्हणाल्या, हे एवढं तुम्ही फोडा, माझं डोकं चढलंय, मी घरी जाते. नर्सबाईंनी पाकिटावरचं शाळेचं नाव वाचलं, बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि फार चौकशी न करता कात्री हातात घेतली. सडेतोड माणसांना कधीकधी गप्प बसणंही चांगलं जमतं.

घरी येऊन बाईंनी काहीतरी करायला हवं म्हणून सकाळची भांडी घासायला घेतली. ऊन अजून खिडकीत होतं. लेक शाळेतून आली, दप्तर टाकलं, स्वयंपाकघरात येऊन पाणी प्यायली. नेहमीसारखी खोलीत गेली नाही. दाराजवळच्या स्टुलावर बसली. बाईंना स्टूल सरकल्याचा आवाज आला.

‘आमच्या शाळेचं पाकीट आलं?’ तिने विचारलं.

‘आलं.’

‘उघडलंस?’

बाईंचे हात थांबले. खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. ‘नाही. हातात घेतलं होतं. उजेडात धरून पण बघितलं. मग ठेवून दिलं.’

बाईंना मान वळवून तिचा चेहरा बघायची इतकी अनावर इच्छा झाली, की त्यांनी ओट्याची कड धरली. सापाच्या वेळी इतकं कठीण गेलं नव्हतं.

‘उघडायचं होतंस की. कुणाला कळलं नसतं.’

‘कळलं नसतं.’

‘मग?’

बाईंनी पातेलं पुढे ओढलं. त्या म्हणाल्या, ‘भांडी खूप आहेत. मी काही वळत नाहीये.’

भांडी खूप नव्हती. एक पातेलं आणि दोन पेले राहिले होते. ते झाले तरी लेक बोलली नाही, म्हणून बाईंनी जाळीतली वाळलेली ताटं पुन्हा ओली केली आणि पहिल्यापासून घासायला घेतली. दुसऱ्या ताटाच्या सुमाराला लेक बोलू लागली. यंत्र मैत्रिणीचंच होतं, आधी. शाळा सुरू झाली तेव्हा मधल्या सुट्टीत एकदा ओढून पाहिलं, मग रोज मधल्या सुट्टीत, मग मैत्रिणीच्या मोठ्या बहिणीने हिला हिचं वेगळं आणून दिलं. आईने ते काढून घेतल्यावर तिने ठरवलं, बरं झालं, सुटले. चार दिवस नाही ओढलं. चार दिवस वर्गात काय चाललंय ते कळलं नाही, हात थरथरायचे, बाबांवर ओरडावंसं वाटायचं. पाचव्या दिवशी ती मैत्रिणीकडे गेली.

बाईंच्या जिभेवर प्रश्नांची रांग उभी होती. दिवसातून किती वेळा. कुठे. बहिणीचं नाव काय. त्या सगळ्यांना त्यांनी दात आवळून आत ठेवलं आणि ताट घासत राहिल्या. साबण कधीच संपला होता.

‘शाळेच्या पाकिटातल्या कागदावर मी खरं लिहिलंय,’ लेक म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला. ‘पण ते लिहून काय होतं? तिथून कोणी येत नाही. आई, मला सोडायचंय आणि मला सोडता येत नाहीये.’

बाईंना त्या मुलाचा वर आलेला हात आठवला. त्या वेळी त्यांनी त्याला नाही म्हटलं होतं, कारण दुसरं काही म्हणता येण्यासारखंच नव्हतं. आता म्हणता येत होतं.

‘मॅडमच्या ओळखीच्या एक डॉक्टर आहेत. मुलांचं हेच बघतात,’ त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या. ‘उद्या सुट्टी काढते. दोघी जाऊ. लगेच सुटेल असं मी म्हणत नाही. पण मी येते.’

‘बाबांना?’

‘तू सांगशील तेव्हा.’

लेक नाक ओढत होती. स्टूल पुन्हा सरकलं. बाईंना वाटलं, उठून गेली. त्यांनी नळ बंद केला आणि तशाच उभ्या राहिल्या, भिंतीच्या फरशीवर ओघळणाऱ्या पाण्याकडे बघत. इतक्या वर्षांत इतका जवळचा फळा त्यांच्या वाट्याला आला नव्हता, आणि त्यावर सोडवायला काहीच लिहिलेलं नव्हतं.

‘आई,’ मागून अगदी जवळून आवाज आला.

‘हं.’

‘वळ.’

बाईंनी टॉवेलला हात पुसले आणि वळल्या.